हास्य, सत्य आणि चाकाची खुर्ची

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या कोणत्याही संस्थेच्या स्मरणिकेत अपंग बांधव कोठे आढळतो, हे पाहणे उद्बोधक असते. तो आढळतो साहित्यवाटपाच्या छायाचित्रात. मध्यभागी दाते, त्यांच्या शेजारी प्रमुख पाहुणे, पाहुण्यांच्या हातात कुबड्यांची जोडी, आणि चौकटीच्या अगदी कडेला, अर्धा खांदा कापला गेलेला, ज्याच्यासाठी हा सारा समारंभ योजला तो मनुष्य. छायाचित्राखाली सर्वांची नावे असतात. त्याचे नाव 'लाभार्थी' असे असते. दान खरे असते, दात्याचा भावही खरा असतो. परंतु तीन भाषणे संपेपर्यंत कुबड्या पाहुण्यांच्याच हातात राहिल्या आणि ज्याच्या त्या होत्या तो भिंतीला टेकून उभा राहिला, यातील गंमत त्याच्या ध्यानात आली असेल काय, हे कोणतीही स्मरणिका छापत नाही. आजचा विषय तोच न छापलेला मजकूर आहे. अपंगत्व भोगणारा मनुष्य स्वतः लिहू लागतो तेव्हा त्याच्या लेखणीत हसू कोठून येते, आशा कोठून येते, आणि श्रद्धावंत समाजाने ती कशी वाचावीत?

खर्डीसारख्या गावी हा प्रश्न पुस्तकी नाही. कसाऱ्याची लोकल गाठण्यासाठी धावणारी माणसे, फलाट आणि गाडीचे पायदान यांतील अंतर, मुंबई-आग्रा रस्त्यावरची अवजड वाहने, पावसाळ्यात भाताच्या खाचरांतून जाणारी निसरडी वाट. शरीर अखंड असणाऱ्यालाही येथे पाऊल जपून टाकावे लागते. ज्याचे शरीर अखंड नाही, त्याचा दिवस तर अशा अडचणींच्या मालिकेनेच भरलेला असतो. त्या दिवसाचा वृत्तांत लिहिताना त्याने रडावे अशी वाचकाची मूक अपेक्षा असते. तो हसला की वाचक गोंधळतो.

धर्मसंस्थेच्या व्यासपीठावर हसण्याचा विषय निघाला की प्रथम शास्त्राची आठवण होते, आणि ती होणे योग्यच आहे. कर्मसिद्धांतात मोहनीय कर्माचे जे भेद सांगितले आहेत, त्यांत चारित्रमोहनीयाच्या पोटात नऊ नोकषाय येतात, आणि त्या नवांत पहिलेच नाव हास्याचे आहे. सत्यव्रताच्या पाच भावना सांगताना क्रोध, लोभ आणि भय यांच्या जोडीने हास्याचाही त्याग सांगितला आहे, आणि पाचवी भावना विचारपूर्वक बोलण्याची आहे. अनर्थदंडविरमण व्रताच्या अतिचारांत कंदर्प आणि कौत्कुच्य आहेत, म्हणजे असभ्य थट्टा आणि त्या थट्टेला जोडलेले अंगविक्षेप. प्रतिक्रमणात श्रावक या दोषांचे स्मरण करतो. लंगड्या माणसाच्या मागून लंगडत चालून दाखवणारी गल्लीतली पोरे आणि त्यांना पाहून तोंडावर पदर धरणारे मोठे, दोघेही या अतिचाराच्या कक्षेत येतात.

मग अपंगत्वावरचा विनोद हा विषय इथेच संपला, असे कोणी म्हणेल. तो संपत नाही. नोकषायांची तीच यादी पुढे वाचली तर हास्याच्या पाठोपाठ रती, अरती, शोक, भय आणि जुगुप्सा अशी नावे येतात. अपंग मनुष्य समोर आला की समाज त्याला जे देतो ते बहुधा याच यादीतून दिलेले असते: शोक, भय आणि क्वचित किळससुद्धा. हास्य वर्ज्य म्हणून शोक ग्राह्य ठरत नाही. हळहळणारा शेजारी स्वतःला दयाळू समजतो. शास्त्राच्या खात्यात मात्र शोकही हास्याच्याच पानावर लिहिला जातो. दुसरी गोष्ट अशी की सत्यव्रताने हास्य नाकारले ते थट्टेच्या भरात असत्य बोलले जाते म्हणून. तेव्हा प्रश्न उलटा विचारला पाहिजे. रडून असत्य बोलले जात असेल आणि हसून सत्य, तर कोणता लेखक व्रताच्या अधिक जवळ आहे?

या ठिकाणी माषतुष मुनींची कथा आठवल्यावाचून राहत नाही. ज्ञानावरणीय कर्माच्या उदयाने त्यांना काहीच पाठ होत नसे. गुरूंनी दोनच लहान आज्ञा दिल्या: रोष करू नकोस, तोष मानू नकोस. 'मा रुष, मा तुष' एवढेच शब्द, पण तेही जिभेवर टिकेनात, आणि घोकता घोकता त्यांचे 'माषतुष' झाले, म्हणजे उडीद आणि त्याचे टरफल. लोक हसले, पुढे त्याच नावाने त्यांना हाका मारू लागले. मुनींनी ते चेष्टेचे नावही स्वीकारले आणि तेच पद घोकत राहिले. शब्द चुकला, आज्ञा मात्र चुकली नाही: हसणाऱ्यांवर रोष नाही आणि कौतुकाचा तोष नाही. त्याच चुकलेल्या पदावर चिंतन करता करता त्यांना केवलज्ञान झाले, असे कथा सांगते. दिगंबर परंपरेत शिवभूती मुनींच्या नावाने जवळजवळ हीच कथा येते. ज्यांना आज मंदबुद्धी म्हटले गेले असते अशा साधकाचे चेष्टेचे नाव परंपरेने आदराने जपून ठेवले, ही जैन कथासाहित्यातील फार मोठी गोष्ट आहे. तिच्याकडे केवळ ज्ञानावरणीय कर्माचे उदाहरण म्हणून पाहिले जाते, हे काहीसे अन्यायाचे वाटते.

अष्टावक्राची कथा थोडी वेगळी. आठ ठिकाणी वाकडे झालेले शरीर घेऊन तो जनकाच्या सभेत आला आणि सभा हसली. तेव्हा तो सभेहून मोठ्याने हसला. विचारल्यावर म्हणाला की पंडितांची सभा समजून आलो होतो, येथे तर कातड्याची पारख करणारेच बसले आहेत. लोककथेने हा प्रसंग फार रंगवला आहे, आणि त्यात अपंगांच्या विनोदाची एक जात स्पष्ट दिसते: हसण्याची दिशा उलटवणे. हसू शरीराकडून निघून पाहणाऱ्याच्या नजरेवर जाते.

मराठी भाषेला मात्र ही दिशा फारशी परिचित नव्हती. 'आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं', 'वासरांत लंगडी गाय शहाणी' या म्हणी रोजच्या वापरातल्या. बोलणाऱ्याच्या मनात अंध वा अपंग मनुष्य नसतोही. पण ऐकणाऱ्यांत तो असतो. रंगभूमीवर आणि चित्रपटांत तोतरा नोकर, बहिरे आजोबा, चकणा सावकार ही हमखास हशाची पात्रे झाली. राम गणेश गडकऱ्यांच्या 'प्रेमसंन्यास' नाटकातील विसरभोळ्या गोकुळाला मराठी प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या हसत आला. त्यात दुष्टावा नाही. परंतु ज्या घरात वृद्ध वडील स्वतःच्या मुलाचे नाव विसरू लागले आहेत, त्या घराला ते हसू पूर्वीइतके हलके वाटत नाही. या साऱ्या विनोदात एक उणीव समान होती. तोतऱ्याचा विनोद तोतऱ्याने लिहिलेला नव्हता.

आता ज्यांनी स्वतः लिहिले त्यांच्याकडे वळू. जैन समाजाला सर्वात जवळचे उदाहरण पंडित सुखलालजी संघवी यांचे. जन्म १८८० चा, सौराष्ट्रातील लिमली गावचा, व्यापारी कुटुंबातला. सोळाव्या वर्षी देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. ज्या काळी अशा मुलासाठी घराचा कोपरा ठरलेला असे, त्या काळी त्यांनी गावात येणाऱ्या साधुसाध्वींकडून ऐकून ऐकून पाठांतर सुरू केले. १९०४ च्या सुमारास ते काशीला यशोविजय जैन पाठशाळेत पोहोचले, पुढे नव्यन्याय शिकण्यासाठी मिथिलेत राहिले. नंतर गुजरात विद्यापीठात पंडित बेचरदास दोशी यांच्या साहाय्याने 'सन्मतितर्क' या ग्रंथाचे अवाढव्य संपादन झाले. १९३३ ते १९४४ या काळात बनारस हिंदू विश्वविद्यालयात जैन दर्शनाचे अध्यापन झाले. 'दर्शन अने चिंतन' या ग्रंथाला १९५८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ मध्ये पद्मभूषण. १९७८ मध्ये, सत्त्याण्णव वर्षांचे दीर्घ आयुष्य जगून, अहमदाबादेत त्यांचे देहावसान झाले. हस्तलिखितांच्या पाठभेदांची चिकित्सा करणारा हा संपादक एक अक्षरही डोळ्यांनी पाहू शकत नव्हता. दुसऱ्याने वाचायचे, त्यांनी ऐकायचे, ध्यानात ठेवायचे, ताडून पाहायचे आणि तोंडी सांगायचे, लिपिकाराने लिहायचे.

त्यांच्या मिथिलेतील दिवसांचा एक प्रसंग चरित्रकार सांगतात. कडाक्याची थंडी होती आणि अंगात एकच गरम स्वेटर. ज्या पंडितांकडे ते शिकत होते त्यांनी त्या स्वेटरची तोंड भरून स्तुती केली. सुखलालजींनी तो तत्काळ काढून त्यांना दिला, आणि स्वतः गवताच्या बिछान्यावर फाटके पांघरूण घेऊन रात्री काढल्या. या प्रसंगाचे दोन वृत्तांत लिहिता येतात. एकात 'हाय! अंध विद्यार्थी, परका मुलूख, आणि त्याच्या अंगावरचे वस्त्रही गेले' असा विलाप असेल. दुसऱ्यात, विद्येचे मोल अशा अनपेक्षित नाण्यात चुकते करावे लागले याचे मंद स्मित असेल. दोन्ही वृत्तांतांत थंडी तेवढीच आहे. पण पहिल्यात वाचकाला केवळ अंधत्व दिसते. दुसऱ्यात विद्यार्थी दिसतो, गुरू दिसतो, त्या गुरूचा किंचित लोभ दिसतो आणि त्या काळचे शिक्षणही दिसते. विलापाने चित्र आकसते. म्हणूनच दुसरा वृत्तांत अधिक खरा. सत्यव्रताच्या भावना ज्या तत्त्वार्थसूत्राच्या परंपरेत सांगितल्या जातात, त्या सूत्राचे सुबोध विवेचन याच पंडितांनी गुजरातीत केले आणि ते घराघरांतील स्वाध्यायात पोहोचले, हा योगही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

महाराष्ट्रात या लेखनाची वाट रुंद केली ती नसीमा हुरजूक यांच्या 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनाने. ऐन सोळा-सतरा वर्षांच्या वयात कमरेखालचे शरीर लुळे पडले, जगणे नकोसे झाले. अशा वेळी बाबूकाका दिवाण भेटले, जे स्वतः चाकाच्या खुर्चीवर होते आणि तरीही मोटार चालवीत होते. उपदेश करणारे पुष्कळ भेटले असतील. मोटार चालवून दाखवणारा एकच भेटला आणि दिशा बदलली. पुढे १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी राहिली, वसतिगृह झाले, शाळा झाली, सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचा उद्योग झाला. येथे त्या कार्याचा गौरव करण्याचा हेतू नाही, तो इतरत्र पुष्कळ झाला आहे. लक्ष वेधायचे आहे ते पुस्तकाच्या नावाकडे. 'अश्रूंची फुले' किंवा 'काटेरी वाट' अशा धर्तीचे नाव त्यांना सहज देता आले असते. त्यांनी एका वस्तूचे नाव दिले, जिला चाके असतात आणि जिच्यात बसतात. सारा भर त्या वस्तूच्या साधेपणावर. बसायची खुर्ची घरोघरी असते. ही चालते, एवढाच फरक.

त्याच कोल्हापूरच्या संस्थेत काही वर्षे राहून पुढे स्वतंत्र घर थाटणाऱ्या सोनाली नवांगुळ यांची पिढी आणखी मोकळी आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा हे त्यांचे गाव. नवव्या वर्षी बैलगाडीच्या अपघातात पाठीच्या कण्याला इजा झाली. तमिळ लेखिका सलमा यांच्या कादंबरीचा 'मध्यरात्रीनंतरचे तास' हा त्यांनी केलेला अनुवाद २०२० च्या साहित्य अकादमी अनुवाद पुरस्काराचा मानकरी ठरला. त्यांच्या ललित लेखांच्या संग्रहाचे नाव 'स्वच्छंद' आहे. चाकाच्या खुर्चीवरच्या लेखिकेने आपल्या पुस्तकाला हे नाव द्यावे यात एक खोडकर आव्हान आहे, आणि ज्याला ते कळले त्याच्या ओठांवर हसू उमटतेच. कपड्यांची हौस, प्रवास, मैत्री, चित्रपट यांविषयी ही लेखिका जेवढ्या उत्साहाने बोलते, तेवढा उत्साह दुःखाच्या वर्णनासाठी ती खर्च करीत नाही.

ऑस्कर पिस्टोरियस या दोन्ही पाय नसलेल्या दक्षिण आफ्रिकी धावपटूचे आत्मकथन 'ड्रीमरनर' या नावाने मराठीत आणले तेही सोनाली नवांगुळ यांनीच. तो धावपटू जगभर प्रेरणेचा पुतळा झाला होता. २०१३ मध्ये त्याच्या गोळीने त्याच्या मैत्रिणीचा मृत्यू झाला आणि पुढे न्यायालयाने त्याला खुनाच्या आरोपात दोषी ठरवले. पुतळा कोसळला म्हणून अनेकांना धक्का बसला. वस्तुतः धक्का बसण्याचे कारण एवढेच की अपंग मनुष्याला कषाय असतात हे जग विसरले होते. क्रोध, मान, माया, लोभ यांतून पाय नसलेल्याला सूट मिळत नाही. दयेच्या कोपऱ्यात बसवणे आणि देव्हाऱ्यात बसवणे या एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत, आणि विनोद या दोन्ही जागांवरून माणसाला उठवून साध्या सतरंजीवर आणून बसवतो. विनोदाचे हे काम उपदेशाला क्वचितच साधते.

चाकाच्या खुर्चीविषयी बोलताना या परिसराने एक दृश्य पाहिलेले आहे. मुंबई-नाशिक महामार्गावर पहाटेच्या वेळी साधु-साध्वींचा विहार चालतो. वृद्ध किंवा आजारी साध्वी महाराजांना चाकाच्या खुर्चीत बसवून सेवक ती खुर्ची ढकलीत नेतात. रस्त्याच्या कडेचा श्रावक ती खुर्ची पाहताच हात जोडतो, 'मत्थएण वंदामि' म्हणतो, सुखशाता विचारतो. त्याच श्रावकाच्या दुकानासमोर त्याच बनावटीची दुसरी खुर्ची थांबली, आणि तिच्यात गावातलाच एखादा तरुण असला, तर बहुधा सुखशाता विचारली जात नाही. 'अरेरे' असा उद्गार निघतो, किंवा तरुणाला सोडून खुर्ची ढकलणाऱ्याशीच बोलणे सुरू होते. 'याला काय हवे?' या प्रश्नावर खुर्चीतल्या माणसाने 'यालाच विचारा' असे उत्तर दिल्याच्या कथा अपंगांच्या मेळाव्यांत फार चवीने सांगितल्या जातात. खुर्ची एकच. तिच्याकडे आदराने पाहण्याची सवय या समाजाला आधीपासून आहे, ती नव्याने शिकवावी लागत नाही.

आता आशावादाविषयी. या शब्दाचा बाजार फार झाला आहे. 'सकारात्मक विचार करा' असे सांगणारी पुस्तके रेल्वेच्या फलाटावरसुद्धा मिळतात, आणि ज्याचा पाय कापला गेला आहे त्याला भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा त्यातील एक प्रकरण तोंडपाठ करून आलेला असतो. जैन विचार येथे सावध करतो. आर्तध्यानाच्या चार प्रकारांत वेदनेचे सतत चिंतन हा एक प्रकार आहे, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच चारांत निदानही आहे, म्हणजे पुढे मिळणाऱ्या सुखाची आसक्ती. दुखणे कुरवाळीत बसणे हे आर्तध्यान, आणि 'पुढच्या वर्षी धावू लागशील' या स्वप्नात गुंगून राहणे हेही त्याच्याच शेजारचे. अपंग लेखकाचा खरा आशावाद या दोहोंच्या मधल्या अरुंद पायवाटेवरून चालतो. आज जिना चढता येत नाही हे तो लिहितो. उद्या चढता येईल असे लिहीत नाही. जिन्याशेजारी उतार बांधता येतो एवढे लिहितो. आशा शरीराकडून गवंड्याकडे वळली की ती बरीच व्यवहार्य होते.

कर्मसिद्धांताचा उल्लेख झालाच आहे तर एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. 'मागल्या जन्मीचे भोग' हे वाक्य अपंग मुलाच्या आईला जितक्या वेळा ऐकावे लागते तितक्या वेळा ते शास्त्रज्ञ पंडितही उच्चारीत नसतील. असातावेदनीयाचा उदय हा ज्याचा त्याने स्वतःविषयी करावयाचा विचार आहे, आपल्या दुःखात समता राहावी म्हणून. दुसऱ्याच्या अंगणात जाऊन त्याच्या कर्माचा हिशेब वाचणाऱ्याचे स्वतःचे कर्म त्याच क्षणी बांधले जात असते, हे शास्त्र तो विसरतो. अशा शेजाऱ्याविषयी त्या आईने कधी लिहिले, तर ते लेखन विनोदीच होईल. आणि शेजाऱ्याने ते वाचावे.

आशेचे सर्वात ठोस मराठी-गुजराती-मारवाडी घरांना परिचित रूप म्हणजे जयपूर फूट. १९६८ मध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडविला. त्याआधीचे परदेशी धाटणीचे कृत्रिम पाऊल उत्तम होते; फक्त त्याला बूट लागे, उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, आणि चिखलात ते निकामी होई. म्हणजे पाय मिळाला तरी माणसाला स्वयंपाकघरात पंगतीला बसता येईना, शेतात उतरता येईना, आणि देरासरात तर मुळीच जाता येईना, कारण बूट काढला की चालणेच अवघड. अनवाणी देशाला बुटाचा पाय देण्यातला विनोद शर्मांसारख्या कारागिराला तत्काळ कळला असला पाहिजे. टायरला रबर चढवणाऱ्या दुकानातून त्यांना उपाय सुचला, असे सांगतात. रबराचे, अनवाणी चालणारे, भाताच्या चिखलात रोवता येणारे पाऊल तयार झाले. १९६९ मधील भीषण मोटार अपघातात ज्यांचा स्वतःचा पाय मोठ्या प्रयत्नाने वाचला, त्या देवेंद्रराज मेहता यांनी १९७५ मध्ये भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि हे पाऊल लाखो लोकांपर्यंत मोफत पोहोचले. समितीच्या नावात महावीर आहेत. रांगेत मात्र कोणाची जात वा धर्म विचारला जात नाही. मेळघाटातला, खानदेशातला, शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरचा मनुष्य त्या पावलावर पुन्हा खाचरात उतरू शकतो.

सरकारनेही या काळात शब्द बदलले. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते; २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले. 'अपंग' जाऊन 'विकलांग', आणि २०१५ च्या अखेरीपासून 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला. महाराष्ट्रात २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही निर्माण झाला. नवा शब्द सद्भावनेचा आहे. तथापि ज्यांच्यासाठी तो आला त्यांच्यापैकी काहींना तो फार उंचावर वाटतो. अंगात दिव्यत्व आले, पण कचेरीचा दाखला दुसऱ्या मजल्यावरच मिळतो, अशी त्यांची तक्रार असते. चाळीस टक्के अपंगत्वाच्या दाखल्याभोवती तर एक सबंध विनोदी वाङ्मय तोंडी अवस्थेत तयार आहे. गेलेला पाय मधल्या काळात उगवला नाही ना, हे पुनःपुन्हा सिद्ध करावे लागणाऱ्या माणसाकडे हसण्यावाचून दुसरे काय असते? कोणीतरी ते लिहून ठेवले पाहिजे.

जगातही हीच रीत दिसते. हेलन केलर यांनी १९२० ते १९२४ या काळात अमेरिकेत रंगमंचावरील करमणुकीच्या कार्यक्रमांत प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. झोपताना डोळे मिटता काय, या निर्बुद्ध प्रश्नावर त्यांचे उत्तर असे की ते पाहण्यासाठी त्या कधी जाग्या राहिल्या नाहीत. प्रेक्षक हसला तो स्वतःच्या प्रश्नाला. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, असाध्य मज्जारोगाचे निदान झाले. २०१८ पर्यंत ते जगले, आणि बोलण्याची शक्ती गेल्यावर यंत्राच्या आवाजात थट्टा करीत राहिले. जून २००९ मध्ये त्यांनी कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि निमंत्रणे मेजवानी झाल्यावर पाठविली. कोणी आले नाही. भविष्यातून मागे येता येत नाही, हे पटवून देण्याची ती त्यांची पद्धत होती. या विनोदाचा त्यांच्या खुर्चीशी काहीच संबंध नाही, आणि तेच त्याचे वैशिष्ट्य आहे. अपंग माणसाने सदैव अपंगत्वावरच विनोद करावा असेही बंधन नसते.

हे सर्व ऐकून कोणी असा ग्रह करून घेऊ नये की हसणाऱ्याला दुःख नाही. ही चूक फार प्रेमळ माणसेसुद्धा करतात. 'तो तर सदा हसतमुख असतो' असे म्हणून त्याच्या उताराची मागणी पुढच्या बैठकीपर्यंत ढकलली जाते. आनंदवनातून निघालेल्या 'स्वरानंदवन' या वाद्यवृंदात अंध, अपंग आणि कुष्ठरोगातून बरे झालेले कलावंत रंगमंचावर गातात, नाचतात, सभागृहाला हसवतात. प्रेक्षक त्यांच्या हास्याने भारावून जातो. पण प्रेक्षागृहाच्या मागच्या दारी बसमधून उतरताना लागणारा वेळ कोणी पाहत नाही, आणि ते हास्य त्या वेळासह वाचायचे असते. विनोदी लेखकाने लिहिताना वेदना गाळली तर तो सत्यव्रतातून निसटला. आणि वाचकाने वाचताना वेदना गाळली तर दोष वाचकाचा.

लिहायचे कोणी, हा प्रश्न उरतो. या गावच्या, या तालुक्याच्या घरांत अर्धांगवायूनंतर पेढीवर बसून राहणारे काका आहेत, ऐकू येत नाही म्हणून प्रवचनात पहिल्या रांगेत बसून शेवटी 'आज काय सांगितले?' असे विचारणाऱ्या आजी आहेत, दृष्टी मंदावल्यावर नाण्याचा सूक्ष्म फरक बोटाने ओळखणारे व्यापारी आहेत. त्यांच्यापाशी मजकूर भरपूर असतो. हात चालत नाही, डोळा दिसत नाही, ही सबब पंडित सुखलालजींनी फार पूर्वी निकालात काढली आहे. लिपिकार असला की झाले. आज तर लिपिकार नसला तरी चालते. खिशातला भ्रमणध्वनी मराठी बोलणे ऐकून अक्षरे उमटवितो आणि उमटलेली अक्षरे वाचूनही दाखवितो. तो चुका पुष्कळ करतो. माषतुष मुनींच्या परंपरेतला असावा.

त्याच्या मराठीत एक गंमत मात्र जैन घरांसाठी खास आहे. मजकूर दुसऱ्याला पाठविण्याच्या आज्ञेला, ज्याला सगळे 'शेअर' म्हणतात, कित्येक संगणकीय भाषांतरांत 'सामायिक करा' असे शब्द योजलेले असतात. डोळ्यांनी न दिसणाऱ्या एखाद्या आजींना नातवाने असा भ्रमणध्वनी दिला, त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या, आणि शेवटी यंत्राने गंभीर आवाजात म्हटले, 'सामायिक करा', तर त्या बिचाऱ्या कटासणे अंथरून अठ्ठेचाळीस मिनिटे स्थिर बसतील, आणि लेख तेथेच राहील. नातवाने तेवढे बटण स्वतः दाबावे.